गालिच्याला पाणी किती तापवावं?

हेलसिंकीत उन्हाळा आला की लोक घरातली जाजमं गुंडाळून समुद्रकाठी आणतात. काठाला लाकडी धक्के असतात आणि त्यांवर धुण्यासाठी लांबलचक मेजं मांडलेली असतात. चिंध्यांच्या पट्ट्यांपासून विणलेलं जाजम मेजावर पसरायचं, पाइनच्या तेलापासून केलेला साबण लावायचा, ब्रशने घासायचं, भरपूर पाण्यात खळबळायचं आणि रुळांच्या चरकातून पिळून दांडीवर टाकायचं, अशी ही पद्धत. पाणी समुद्राचं, म्हणजे ऐन उन्हाळ्यातही वीस अंशांच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही गार. अलीकडे समुद्र खराब होऊ नये म्हणून ही धुण्याची जागा बरीचशी जमिनीवर आली आहे आणि मळपाणी गटारात सोडलं जातं, पण पाणी गारच आहे. दुसरीकडे अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं डाल्टन हे कार्पेटच्या धंद्याचं मोठं केंद्र. तिथून घरोघर गेलेल्या भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या कार्पेटांसाठी दारात व्हॅन उभी राहते, तिच्यातलं यंत्र पाणी नव्वद अंशांच्या पुढे तापवतं आणि लांब नळीतून ते आत नेऊन कार्पेटवर दाबाने मारलं जातं. लगेच त्याच नळीच्या जोडीने ते ओढूनही घेतलं जातं. दोन्हीकडे कार्पेट स्वच्छ निघतं.

आपल्याकडे हा प्रश्न दिवाळीच्या साफसफाईत उभा राहतो, नाहीतर कोणाच्या हातून काही सांडलं की. यंत्र घेऊन आलेला माणूस सांगतो, गरम पाण्याशिवाय मळ सुटत नाही. ज्याच्याकडून लोकरीचा गालिचा घेतला तो दुकानदार बजावतो, गरम पाणी लावू नका. घरातल्या जुन्या बायका रिठ्याचं नाव घेतात. तिघांचंही म्हणणं खरं आहे, कारण तिघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळा मळ आणि वेगवेगळा धागा असतो. पण ज्याच्यासमोर गालिचा पडलेला आहे त्याला आत्ता बादली कोणत्या नळाखाली धरायची हे ठरवायचं असतं. त्याच्यासाठी माझं उत्तर सुरुवातीलाच देऊन ठेवते: बादली गार पाण्याने भरावी, आणि तापवायची असेल तर तापवण्याचं कारण हातात असावं. हे मत कशावर उभं आहे ते पुढे.

धुलाईच्या शास्त्रात एक वर्तुळ प्रसिद्ध आहे. जर्मनीतल्या हेंकेल कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट सिनर यांनी १९५९ साली ते मांडलं. कुठलीही धुलाई चार गोष्टींवर चालते: रसायन, घासणं-आपटणं, वेळ आणि उष्णता. यांपैकी एकीचा वाटा कमी केला तर बाकीच्यांचा वाढवावा लागतो. हेलसिंकीच्या धक्क्यावर उष्णता जवळजवळ नाही, पण हाताची ताकद, साबण आणि वेळ यांना तोटा नाही. व्हॅनच्या यंत्रात वेळ अगदी थोडा, फवारा मारल्यापासून पाणी परत ओढेपर्यंत एखाद-दोन सेकंद, म्हणून उष्णता आणि दाब वाढवलेला. हे वर्तुळ समजलं की ‘गरम की गार’ या भांडणातला अर्धा जोर निघून जातो. उष्णता ही चौघींपैकी एक. तिच्याशिवाय काम होतं, फक्त उरलेल्या तिघींना जास्त राबावं लागतं.

पण उष्णता नेमकं करते तरी काय? वीस अंशांचं पाणी साठ अंशांवर नेलं की त्याचा दाटपणा निम्म्याहून कमी होतो. १ मिलिपास्कल-सेकंदाच्या जागी ०.४७. त्यामुळे ते लवेच्या मुळापर्यंत पटकन पोचतं आणि तितक्याच सहज परत ओढलं जातं. दुसरा एक दावा विकणारे हमखास करतात: गरम पाण्याचा पृष्ठताण कमी असतो म्हणून ते ‘जास्त ओलं’ असतं. हे खरं, पण किती? वीस अंशांना पृष्ठताण सुमारे ७३ मिलिन्यूटन प्रति मीटर, साठ अंशांना सुमारे ६६. म्हणजे दहा टक्क्यांचाही फरक नाही. त्याच गार पाण्यात चमचाभर चांगलं डिटर्जंट टाकलं तर तो आकडा तिशीच्या आसपास येतो. पाणी धाग्यात मुरवण्यासाठी बादली तापवणं हा महागडा आणि दुबळा मार्ग आहे, आणि हा मुद्दा जाहिरातींत इतका पुढे केला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

रासायनिक क्रियांचा वेग मात्र उष्णतेने खरोखर वाढतो. दर दहा अंशांना साधारण दुप्पट, असा एक ढोबळ नियम सांगतात. ढोबळ यासाठी की प्रत्येक क्रियेचा हिशेब वेगळा असतो. शिवाय वेग वाढला म्हणजे फक्त मळ सुटण्याचा वेग वाढला असं नाही. रंग सुटण्याचा, लोकर दुखावण्याचा आणि डाग धाग्यात पक्का बसण्याचा वेगही त्याच नियमाने वाढतो. गरम पाण्याची शिफारस करणारे नियमाचा पहिला भाग सांगतात, दुसरा राहून जातो.

गरम पाणी निर्विवाद जिंकतं ते तेलातुपाच्या मळावर. खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळतं, तूप आणि वनस्पती तूप साधारण शरीराच्या तापमानाच्या मागेपुढे. डिसेंबरातल्या पुण्यात किंवा नाशकात गार नळाच्या पाण्याने तुपाचा डाग घासत बसणं म्हणजे गोठलेलं तूप धाग्यांत आणखी दाबणं. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या पाण्यात तेच तूप पातळ होतं आणि डिटर्जंटला त्याचे बारीक थेंब करून उचलता येतं. स्वयंपाकघराच्या दारापासून बैठकीपर्यंत पावलांनी वाहून आणलेला जो काळा चिकटा असतो, त्याचं मूळही बहुतेक वेळा तेलच, धूळ नंतर त्याला येऊन चिकटते. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिस्टर हे आजच्या स्वस्त कार्पेटांचे दोन मुख्य धागे. ते पाणी जवळजवळ पीत नाहीत पण तेलाला मात्र घट्ट धरून ठेवतात. असं कार्पेट हॉटेलात किंवा वर्दळीच्या ऑफिसात असेल तर गरम पाण्याचं यंत्र बोलावणं शहाणपणाचं, आणि तिथे गार पाण्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. या धाग्यांना त्या उष्णतेचं भयही नाही. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या पुढे वितळतं, नायलॉन आणि पॉलिस्टर त्याच्याही बरंच वर.

यंत्रावर नव्वदचा आकडा दिसतो म्हणून कार्पेटला नव्वद मिळतात असंही नाही. लांब नळीत पाणी निवतं, बारीक थेंबांचा फवारा हवेतून जाताना आणखी निवतो, आणि थंड धाग्यांच्या दाट जंगलात शिरल्यावर उरलेली उष्णता क्षणात वाटली जाते. या पद्धतीला लोक वाफेची धुलाई म्हणतात, पण तिच्यात वाफ नसते, गरम पाणीच असतं. घरगुती यंत्रं तर बहुतेक पाणी तापवतच नाहीत. नळाचं गरम पाणी त्यांत ओतायचं असतं, आणि उकळतं पाणी घालू नका अशी सूचना त्यांच्या पुस्तिकेत असते, कारण टाकी आणि नळ्या प्लॅस्टिकच्या असतात. आपल्या शहरांत जी छोटी फवारा-ओढ यंत्रं घेऊन कारागीर येतात, त्यांतली पुष्कळशी बाथरूमच्या नळाच्या साध्या पाण्यावर चालतात आणि तरीही बादलीत काळं पाणी जमतं. ते काळं पाणी बघताना लक्षात यावं की ते बाहेर आणलं ओढीने आणि आधी फवारलेल्या शॅम्पूने.

शॅम्पूबद्दल एक तपशील इथे सांगायला हवा, कारण तो फारसा कोणी सांगत नाही. पुष्कळ द्रावणांतले काही मुख्य घटक ठराविक तापमानापर्यंत पाण्यात नीट मिसळलेले राहतात, त्यापुढे वेगळे होऊ लागतात आणि द्रावण गढूळ दिसतं. त्या उंबरठ्याच्या आसपास ते सर्वांत चांगलं काम करतात, त्याच्या फार वर गेलं की काम बिघडतं. एन्झाइम असलेली द्रावणं तर आणखी नाजूक. प्रथिनं तोडणारी एन्झाइमं कोमट पाण्यात जोमाने चालतात आणि फार गरम पाण्यात मरतात. उलट ऑक्सिजनवर चालणाऱ्या पांढऱ्या भुकट्या गार पाण्यात सुस्त असतात, कोमट पाण्यातच जाग्या होतात. पण त्या अल्कधर्मी असल्याने लोकरीजवळ नेऊ नयेत. सारांश, बाटलीवर लिहिलेलं तापमान हे बाटलीतल्या रसायनाचं असतं. ते न वाचता ‘जितकं गरम तितकं बरं’ म्हणणं म्हणजे पैसे देऊन आणलेलं औषध वाया घालवणं.

आता डागांकडे येऊ. या प्रश्नाचा खरा गाभा इथेच आहे.

रक्त, अंडं, उलटी, बाळाचं दूध हे प्रथिनांचे डाग. अंड्याचा पांढरा भाग साठ अंश ओलांडल्यावर गोठू लागतो हे चुलीशी उभ्या राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे, आणि रक्तातल्या प्रथिनांचंही साधारण तसंच. गार पाण्यात ही प्रथिनं विरघळलेल्या अवस्थेत असतात, म्हणून ताजं रक्त नुसत्या गार पाण्याने आणि टिपून घेण्याने बरंचसं निघतं. त्यावर गरम पाणी पडलं की तीच प्रथिनं धाग्याला गुंडाळून घट्ट होतात आणि मग एन्झाइमशिवाय गत्यंतर राहत नाही. दुधात प्रथिनांबरोबर स्निग्धांशही असतो, म्हणून तिथे क्रम लागतो: आधी गार पाणी, मग डिटर्जंटसह कोमट. हा क्रम उलटा करू नये.

रंगांच्या डागांत धोका याहून मोठा आहे. लोकर आणि नायलॉन ज्या आम्लधर्मी रंगांनी रंगवतात ते रंग धाग्यात बसवण्यासाठी कारखान्यात नेमकी उष्णताच वापरतात. रंगाच्या कढईत पाणी जवळजवळ उकळतं ठेवतात. सरबतातले, आइस्क्रीमच्या कांडीतले, मिठाईतले पुष्कळ खाद्यरंग याच जातीचे. लाल सरबत नायलॉनच्या फिक्या कार्पेटवर सांडलं आणि त्यावर गरम पाणी ओतलं, तर आपण घरच्या घरी तो कार्पेटचा तुकडा रंगवून काढला. रंगपंचमीच्या रंगांचंही तेच. कोरडा रंग पडला असेल तर पाण्याचा थेंबही न लावता आधी व्हॅक्यूमने ओढून घ्यावा. मग गार पाणी.

हळदीचा डाग मराठी घरांत सर्वांत नेमाने पडतो, आणि तिथे गरम-गार यापेक्षा वेगळीच गोष्ट निर्णायक ठरते. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतं. आमटीचा किंवा रश्श्याचा डाग म्हणजे तेलात विरघळलेली हळद. गरम पाणी तेल पातळ करतं आणि त्याच्या पाठीवर बसून पिवळा रंग शेजारच्या धाग्यांत पसरतो. त्यात कोणी साबण लावला तर डाग लालसर होतो. अल्कधर्मी पदार्थात हळद लाल होते, कुंकू करतानाही हळदीला चुन्याची जोड देतात ती याचसाठी. घाबरून आणखी साबण घासला जातो आणि काम बिघडत जातं. करायचं ते असं: घट्ट भाग चमच्याने उचलावा, तेल कोरड्या कापडाने टिपावं, सौम्य उदासीन द्रावण थोडं थोडं लावून टिपत राहावं. गालिच्याचा रंग पक्का आहे याची कोपऱ्यात खात्री करून अल्कोहोलचा बोळा फिरवावा. उरलेला पिवळेपणा प्रकाशात हळूहळू उडतो, कारण कर्क्युमिन उन्हात टिकत नाही. नैसर्गिक रंगांच्या गालिच्याला मात्र तासन्‌तास ऊन दाखवू नये, त्याचे स्वतःचे रंगही उडतील.

चहाचा डाग त्या मानाने सोपा वाटतो आणि त्यामुळेच बिघडतो. चहातल्या टॅनिनला अल्क चालत नाही, डाग गडद होतो. किंचित आम्ल, म्हणजे पाण्यात मिसळलेलं थोडं पांढरं व्हिनेगर, त्याला उचलतं. आपल्या चहात साखर आणि दूधही असतं. साखर गार पाण्यात सहज विरघळते, तेव्हा तिच्यासाठी पाणी तापवायची गरज नाही, पण ती पूर्ण काढली नाही तर ती जागा चिकट राहते आणि महिन्याभरात तिथे काळं वर्तुळ उमटतं. मेणबत्तीचं मेण आणि च्युइंगम यांना तर गारपेक्षाही गार लागतं. बर्फाने कडक करून खरवडायचं. मेणाचा उरलेला अंश कागद ठेवून कोमट इस्त्रीने शोषून घ्यायचा, म्हणजे इथे एकाच डागाला गार आणि गरम दोन्ही लागतात, क्रमाने.

या सगळ्या डागांकडे एकत्र पाहिलं की एक विषमता ठळक दिसते, आणि माझं मत मुख्यतः तिच्यावर उभं आहे. गार पाण्याने डाग निघाला नाही तर तो होता तिथेच असतो. तासाभराने कोमट पाणी वापरून पाहता येतं, उद्या जाणकार माणूस बोलावता येतो. गरम पाण्याने रक्त गोठलं, सरबताचा रंग नायलॉनात शिरला किंवा गालिच्याचाच लाल रंग पांढऱ्या काठात उतरला, तर मागे येता येत नाही. ज्या डागाचं कूळ माहीत नाही त्याला गार पाण्यानेच हात लावावा, हे माझ्या मते या विषयातलं सर्वांत पक्कं विधान आहे.

धाग्यांची गोष्ट याला जोडूनच येते. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात, सगळे एकाच दिशेने वळलेले. ओल, उष्णता, अल्क आणि घर्षण एकत्र आले की तंतू एकमेकांत सरकतात आणि खवल्यांमुळे परत फिरत नाहीत. काश्मीरचा नमदा या गुणावरच बनतो: लोकर पसरायची, साबणाचं पाणी शिंपडायचं, गुंडाळून दाबत राहायचं. गालिच्याच्या लवेवर हेच घडलं तर टोकं गुंतून बसतात आणि कितीही विंचरली तरी पूर्ववत होत नाहीत. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी वापरणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तिला चिंचोक्याची खळ असते आणि तिला गरम पाणी दाखवत नाहीत. जाणकार व्यावसायिक लोकरीच्या कार्पेटवरही गरम पाण्याचं यंत्र चालवतात हे खरं, पण ते तापमान उतरवतात, अल्क टाळतात, घासत नाहीत आणि पाणी लगेच ओढतात. चारांपैकी तीन धोके काढून घेतल्यावर चौथा झेपतो.

हातविणीच्या गालिच्यात लव लोकरीची किंवा रेशमाची असली तरी ताणा बहुधा सुती असतो. सूत भिजलं की आकसतं आणि गालिच्याच्या कडा वर वळतात. यंत्रावर केलेल्या कित्येक कार्पेटांना मागून ज्यूट असतं. ज्यूट फार भिजून सावकाश सुकलं की त्यातला तपकिरी अंश पाण्याबरोबर वर चढतो आणि धुतलेल्या कार्पेटवर पिवळट-तपकिरी ढग उमटतात. इथे गरम-गार हा भेद दुय्यम आहे, किती पाणी घातलं आणि किती काळ राहिलं हे मुख्य. आणि ‘बांबू सिल्क’ किंवा ‘आर्ट सिल्क’ या नावाने जे चमकदार गालिचे सध्या घरोघर दिसतात ते बहुतेक व्हिस्कोज असतं. ओलं झालं की व्हिस्कोजची ताकद साधारण निम्म्यावर येते. त्यावर ना गरम यंत्र, ना गार बादली. सांडलेलं टिपावं आणि तज्ज्ञाकडे द्यावं. विकणारे ही गोष्ट विकताना सांगत नाहीत याचा मला राग येतो, कारण तो गालिचा घेणारा माणूस बहुधा पहिल्यांदाच इतके पैसे घालत असतो.

जुन्या गालिच्यांबद्दल थोडं. विल्यम पर्किन यांनी १८५६ साली पहिला कृत्रिम रंग शोधला आणि पुढच्या काही दशकांत ते रंग हिंदुस्थानातल्या आणि इराणातल्या गालिच्यांत शिरले. सुरुवातीचे त्यातले काही रंग पाण्यात सुटतात आणि गरम पाण्यात धावतात. येरवड्याच्या तुरुंगात त्या शतकात विजापूरच्या आसार महालातल्या गालिच्यांच्या नमुन्यांवर विणकाम होत असे. अशा काळातली एखादी वस्तू कोणाच्या वाड्यात असेल तर ओलं पांढरं फडकं प्रत्येक रंगावर मिनिटभर दाबून पाहिल्याशिवाय तिला पाणी लावू नये. फडक्याला रंग लागला तर तिथेच थांबावं.

गरम पाण्याच्या बाजूने आरोग्याचा मुद्दा नेहमी येतो: धुळीतले माइट मरतात. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अंथरूण-पांघरूण वेगवेगळ्या तापमानाला धुऊन पाहिलं होतं. ५५ अंश किंवा त्याहून गरम पाण्यात सगळे माइट मेले, गार पाण्यात बहुतेक जगले. पण त्रास देणारा ॲलर्जीचा घटक गार पाण्यानेही बहुतांशी धुऊन निघाला, कारण तो पाण्यात विरघळतो. हा अभ्यास यंत्रात बराच वेळ घुसळणाऱ्या कापडांचा आहे. जमिनीवरच्या कार्पेटला ५५ अंश इतका वेळ मिळत नाहीत. शिवाय माइट दमट हवेवर जगतात, तेव्हा कार्पेट दोन दिवस ओलं राहिलं तर वाचलेल्यांना ती मेजवानीच. दम्याचा रुग्ण असलेल्या घरी मी गरम पाण्यापेक्षा नियमित व्हॅक्यूम आणि पूर्ण सुकवण यांवर भर देईन, आणि मुळात मोठं कार्पेट नसलेलंच बरं.

सुकवणीचा विषय आपल्या हवेत सर्वांत महत्त्वाचा आहे. गरम पाण्याने धुतलेलं कार्पेट लवकर सुकतं असं सांगतात. सुरुवातीची काही मिनिटं ते खरं असतं, पण पाणी खोलीच्या तापमानाला आलं की पुढचे कित्येक तास दोन्ही सारखेच. कार्पेट कधी सुकेल हे ठरतं आत किती पाणी उरलं, वारा किती आणि हवेत दमटपणा किती यांवर. अमेरिकेची पर्यावरण संस्था भिजलेल्या वस्तू २४ ते ४८ तासांत सुकवायला सांगते, नाहीतर बुरशी धरते. जुलैतल्या मुंबईत, रत्नागिरीत किंवा पणजीत हवा पाण्याने काठोकाठ भरलेली असते, तिथे ही मुदत पाळणं फार कठीण. म्हणून कोकण-गोव्यात ऑगस्टात कार्पेट धुवायला काढूच नये. पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या आधी, दुपारच्या कोरड्या वाऱ्यात काढावं. त्या वेळी पाणी गार आहे की गरम याने काही तासांचा फरक पडणार नाही. यंत्राची ओढ कमकुवत असेल तर मात्र पूर्ण दिवसाचा पडेल.

कमी पाण्याची एक नवी पद्धत ऑफिसांत रुजली आहे. तिच्यात गार पाण्यात मिसळलेलं असं द्रावण वापरतात की ते सुकताना मळाभोवती ठिसूळ स्फटिकासारखं कवच करतं. ब्रशने ते लवेत फिरवायचं, तासाभरात सुकू द्यायचं आणि नंतर व्हॅक्यूमने कवचासकट मळ ओढायचा. दाट, मुरलेल्या तेलावर ती अपुरी पडते. पण रोजच्या राबत्याच्या मळाला ती पुरेशी आहे, आणि गार पाणी पुरतं की नाही या वादात ती एक ठोस पुरावा आहे.

कपड्यांच्या बाबतीत गार पाणी केव्हाच मान्य झालं. २००५ साली अमेरिकेत खास गार पाण्यासाठीचं टाइड बाजारात आलं, त्यानंतर ब्रिटनमध्ये एरियलने तीस अंशांवर धुण्याची मोहीम चालवली. हाच न्याय कार्पेटला लावताना थोडं जपायला हवं, कारण कपड्याला यंत्रात अर्धा-पाऊण तास मिळतो. पण फवारलेलं द्रावण दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू दिलं तर कार्पेटलाही तो वेळ मिळतो, आणि वेळ फुकट असतो. पाणी तापवणं फुकट नसतं: पन्नास लिटर पाणी पंचवीस अंशांवरून साठ अंशांवर न्यायला सुमारे दोन युनिट वीज लागते. शिवाय बोअरवेलचं जड पाणी तापवलं की त्यातला क्षार खाली बसतो आणि यंत्राच्या नळ्यांत थर धरतो. अशा पाण्यात साधा साबण तर वापरूच नये. तो फाटतो आणि चिकट पांढरा थर लवेत सोडून जातो.

इराणात तेहरानजवळ रे इथे चेश्मे अली नावाचा झरा आहे. त्याच्या वाहत्या गार पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या गालिचे धुऊन उन्हातल्या खडकांवर पसरले गेले. काशानजवळच्या मशहद-ए-अर्देहाल इथे तर दर शरदात झऱ्याकाठी गालिचा धुण्याचा धार्मिक विधीच होतो. २०१२ साली युनेस्कोने त्याला आपल्या वारसा-यादीत घेतलं. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या भदोहीत विणून झालेला गालिचा धुणं हा वेगळाच धंदा आहे. तिथले कारागीर भर पाण्यात लाकडी फावड्याने दाबत दाबत लवेतलं पाणी पुढे रेटत नेतात. या सगळ्या ठिकाणी उष्णतेची जागा वाहत्या भरपूर पाण्याने आणि हाताने घेतली. आपला रिठाही याच परंपरेतला. त्याचा फेस सौम्य असतो, लोकर आणि रेशीम त्याने दुखावत नाहीत. रिठे गरम पाण्यात भिजवून अर्क काढावा आणि तो निवल्यावर वापरावा, म्हणजे उष्णता रिठ्याला मिळते, गालिच्याला नाही.

तेव्हा यंत्रवाल्याला बोलावताना ‘पाणी किती गरम?’ हा प्रश्न मी शेवटी ठेवेन. आधी विचारावं की ओलं करण्यापूर्वी तो किती वेळ कोरडं व्हॅक्यूम मारणार. कार्पेटमधला बहुतांश मळ ही कोरडी माती असते, आणि तिच्यावर पाणी पडलं की तिचा चिखल होतो. मग धागा कोणता आहे हे त्याने स्वतः पाहून सांगावं. लोकर म्हणाला तर कोमटच्या वर जाऊ देऊ नये, पॉलिस्टर म्हणाला आणि मळ तेलकट असेल तर खुशाल तापवू द्यावं. व्हिस्कोज निघालं तर त्याला चहा देऊन परत पाठवावं. रंगाची चाचणी कोपऱ्यात आपल्यासमोर करून घ्यावी. आणि काम संपल्यावर पैसे देण्याआधी कार्पेटवर कोरडा पांढरा टॉवेल टाकून त्यावर पूर्ण वजनाने उभं राहावं. टॉवेल ओलाचिंब झाला तर फवारा बंद ठेवून नुसत्या ओढीचे आणखी दोन हात मारून घ्यावेत.